काजलच्या खुणांचा बॅकअप

पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान काढलं नवऱ्याने. त्यांना शाळेत नोकरी लागली आणि ते माझ्या गळ्यात पडलं. सुरुवातीला लोक आत डोकावायचे, "भाऊ नाहीत का?" विचारायचे आणि निघून जायचे. आता "ताई हायत का?" विचारतात, आणि सुट्टीच्या दिवशी नवरा काउंटरला बसलेला दिसला तर "मग उद्या येतो" म्हणतात. या बदलाची गोडी मी अजून चाखते आहे.

दुकानाबद्दल लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा आठवलं ते एकच वाक्य. दिवसातून कितीदा तरी ऐकते मी ते. "ताई, फोन भरला."

फोन भरला म्हणजे बिघडला असं लोकांना वाटतं. मी म्हणते, थोडे फोटो काढून टाका. मग ते माझ्यासमोर बसून एकेक फोटो बघतात. सोयाबीनच्या शेंगेचा वीस वेळा काढलेला तोच फोटो, बारशाचं अंधारातलं छायाचित्र, कोणाचा तरी अर्धा पाय. बराच वेळ जातो आणि शेवटी एकही फोटो पुसलेला नसतो. "राहू द्या ताई, दुसरं काही सांगा."

ते दुसरं काही म्हणजे बाहेरून जोडायची ड्राइव्ह. जुनी हार्ड डिस्क असायची, तिच्या आत तबकडी फिरायची. टेबलावरून पडली की तिचा जीव गेलाच म्हणून समजा. आता एसएसडी आली. तिच्या आत फिरणारं काही नाही, म्हणून ती धक्के सोसते, खिशात मावते, आणि फोनला थेट वायरने जोडता येते. वायर मात्र डेटाची लागते. नुसती चार्जिंगची वायर लावून "तुमची ड्राइव्ह खराब निघाली" म्हणत भांडायला आलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता फॉरमॅट. या शब्दाने लोक घाबरतात, आणि घाबरावंच. नवी ड्राइव्ह म्हणजे कोरं वावर, न नांगरलेलं शेत. नांगराने तास पाडल्याशिवाय पेरणी होत नाही, तसं फॉरमॅट केल्याशिवाय तिच्यात नीट काही ठेवता येत नाही. कॉम्प्युटरला एका तऱ्हेचे तास कळतात, फोनला दुसऱ्या. एक्सफॅट नावाची तऱ्हा बहुतेक दोघांनाही चालते, म्हणून फोनच्या बॅकअपसाठी मी तीच निवडते. काही फोनला तीही चालत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचाच फोन लावून पाहिल्याशिवाय मी ड्राइव्ह हातात देत नाही. पण पेरलेल्या वावरात पुन्हा तास पाडले तर पीक गेलंच. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ दर दिवाळीला घराबरोबर ड्राइव्हही साफ करायचे. साफ म्हणजे फॉरमॅट. वर्षभर भरायची आणि दिवाळीला कोरी करायची. नातवाचे फोटो कुठे गेले, हे त्यांना शेवटपर्यंत कळेना. दुसऱ्या एका काकूंनी दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर ड्राइव्हचीही पूजा केली, आणि हळदकुंकू नेमकं वायर लावायच्या खोबणीत वाहिलं. ती खोबण मी दात घासायच्या ब्रशने साफ केली. ड्राइव्ह चालली. काकू म्हणाल्या, "पाहा, देवाची कृपा." मी ब्रश बाजूला ठेवला.

पण मला सांगायचं आहे ते काजलचं.

मागच्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी तिघं दुकानात आली. बळीराम राठोड, त्यांची बायको शांताबाई आणि मुलगी काजल. जवळच्याच बंजारा तांड्यावरची माणसं. (नावं मी बदलली आहेत.) बळीराम ट्रक चालवतात, हैदराबादच्या रस्त्याला कायम. काजल विशी ओलांडलेली, अंगावर स्वतः शिवलेला सुरेख ड्रेस. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. यवतमाळला मूकबधिर मुलांच्या शाळेत ती काही वर्षं होती. तिथली खुणांची भाषा तिला येते, पण घरात आईबरोबर लहानपणापासून जुळलेल्या वेगळ्याच खुणा. त्या फक्त त्या घराला कळतात.

बळीरामांनी काउंटरवर एक चकचकीत ड्राइव्ह ठेवली.

"ताई, हे फोनले लावलं का नावं दिसते सगळ्याइचे. पण व्हिडिओ चालत नाई."

मी लावून पाहिलं. व्हिडिओंची लांबलचक रांग, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची तारीख. सुरुवातीचे काही चालले. एकात काजल ओंजळ तोंडाशी नेते आणि मागून शांताबाईंचा आवाज येतो, "हे पाणी. पण थंडं पाह्यजे असन तर असं." काजल गालाला बोट लावते. दुसऱ्यात "हे तिखट झालं." तिसऱ्यात "हे, कोणी आलं दारात." त्यापुढचे मात्र एकामागून एक काळे पडदे.

"कशाचे हायत हे व्हिडिओ?" मी विचारलं.

शांताबाई पुढे सरकल्या. "तिचं लग्न जमलं न ताई. मुकुटबनकडचा पोरगा हाय, ट्रॅक्टर हाय त्याचा. पोरगा चांगला हाय, पण त्याइच्या घरी कोणाले एक खूण समजत नाई. मी तथी थोडीच राहणार हावो सांगाले? म्हणून मी एक एक खूण फोनमधी भरली. कामं आटपली का रोज बसत होतो आमी मायलेकी. तिच्या सासूले देणार होती."

"आणि फोनमधले?"

शांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग बळीराम म्हणाले, "फोनमधले पुसले. फोन भरला होता, पुढचं शूट होत नव्हतं. मी म्हटलं, याच्यात आले न सगळे."

ड्राइव्ह हातात घेतली तेव्हाच मला शंका आली होती. आकाराच्या मानाने जड होती. त्यांची परवानगी घेऊन मी ती उघडली. आत एक बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड, ते चिकटवायला डिंकासारखा गोळा, आणि वजन यावं म्हणून लोखंडाची पट्टी. अशा ड्राइव्ह बाजारात फिरतात. वर लिहिलेली जागा एवढी मोठी असते की सगळ्या तांड्याचे व्हिडिओ मावतील. आतलं कार्ड लगेच भरतं. ते भरलं तरी ड्राइव्ह हूं की चूं करत नाही, पुढच्या व्हिडिओंची नुसती नावं लिहून घेत राहते. फोनला वाटतं, पोचलं.

हे मी बळीरामांना कसं सांगावं, याचा विचार करत होते. पण ती लोखंडाची पट्टी त्यांनी आधीच उचलली होती.

"वाटेत एका बाजारातून घेतली मी," ते म्हणाले. "जड लागली म्हणून मले वाटलं, मजबूत असन."

"भाऊ, सगळ्यायलेच वाटते तसं. विकणाऱ्याले माहीत असते ते, म्हणूनच लोखंड टाकते तो."

शांताबाई नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, "पोट्टीसाठीच आणली होती यायनं. ट्रकमधून उतरल्या उतरल्या तिच्या हातात देली." आणि पदराने उगाच काउंटर पुसायला लागल्या.

काजल एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती. तिने पडद्यावरच्या काळ्या चौकटीकडे बोट केलं आणि भुवया उचलल्या. शांताबाईंनी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. ती खूण मलाही कळली.

अशा वेळी आमच्या धंद्यात पहिला नियम एकच. ज्यातून गेलं, त्यात नवं काही भरायचं नाही. मी शांताबाईंचा फोन मागून घेतला, त्याचं इंटरनेट बंद केलं आणि गॅलरीची कचरापेटी उघडली. पुष्कळ लोकांना माहीत नसतं, पण पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. काही दिवस कचरापेटीत पडून राहतात. पेटी उघडली आणि आत काजल दिसली. एकाखाली एक, हात हलवणारी काजल. शांताबाईंच्या तोंडून "याडी!" निघालं. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि घाबरलं किंवा हरखलं तरी तेच तोंडात येतं.

मी ते सगळे परत आणले. पण रांग पूर्ण नव्हती. पहिले बनावट ड्राइव्हमध्ये शाबूत होते, शेवटचे पेटीत होते, मधले कुठेच नव्हते.

"भाऊ, पेटी रिकामी केली होती का मधात?"

"एकडाव केली," बळीराम खाली बघून म्हणाले. "पुसून बी फोन भरलेलाच दाखवून राह्यला होता. धाब्यावर एकजण म्हणे, पेटी खाली करा लागते."

त्या धाब्यावरच्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. आजकालच्या फोनमधून एकदा पेटीही रिकामी झाली, की माझ्यासारखीच्या हाती काही लागत नाही. तरी मी ते कार्ड ड्राइव्हमधून सोडवलं आणि त्याच्यावर हरवलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर चालवलं. त्यांना म्हटलं, बाजार करून या. ती गेली नाहीत. बाकावर बसून राहिली. दोन-तीन फायली आल्या, त्याही अर्ध्या. एकात काजल पोटावर हात ठेवून थांबलेली आणि चित्र तिथंच गोठलेलं.

"ह्या दुखण्याच्या खुणा होत्या," शांताबाई म्हणाल्या. "पोट दुखते, चक्कर येते, पाळी आली, भेव वाटते. पाण्याचं काय, पाणी तं कोणी बी समजून घेईन वो. हेच गेलं पाहा."

मी इतकी वर्षं हे काम करते आहे. हरवलेले लग्नाचे अल्बम काढून दिलेत, गेलेल्या माणसांचे आवाज काढून दिलेत, आणि काही जणांना नाही जमत म्हणून परतही पाठवलंय. नाही जमत हे सांगताना मी नेहमी पडद्याकडे बघते. त्या दिवशीही पडद्याकडेच बघून म्हणाले, "मधले नाही येत ताई."

शांताबाई म्हणाल्या, "मंग परत शूट करू. इथंच."

त्यांना घरापर्यंत थांबायचं नव्हतं. बळीराम दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन निघणार होते, आणि त्यांच्या समोरच सगळं नीट होऊन जावं अशी शांताबाईंची इच्छा असावी. मी दुकानाचा पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज व्हिडिओत येतो. शटर अर्धं ओढलं. काजलला भिंतीसमोर स्टुलावर बसवलं आणि माझ्या वापरातला फोन तीन पायांच्या छोट्या तिकाटण्यावर लावला.

शांताबाई फोनच्या मागे उभ्या राहिल्या. त्या खूण करून दाखवायच्या, काजल तीच खूण फोनसमोर करायची, आणि शांताबाई मोठ्याने अर्थ सांगायच्या. पोटावर मूठ फिरवली. "पोट दुखते." कपाळाजवळ बोट गोल फिरवलं. "चक्कर येते." दोन्ही तळवे छातीशी आवळले. "भेव वाटते. मंग तिच्यापाशी बसा लागते, एकटं सोडाचं नाई."

असं बरंच झालं. मग शांताबाईंनी हात खाली केले. "झालं."

काजल उठली नाही. तिने आईकडे बघून मान हलवली आणि परत फोनकडे तोंड केलं. हात पुढे करून तळवा उभा धरला, चेहरा अगदी शांत. मग तळवा खाली घेऊन दोन बोटं ओठांना लावली आणि स्वतःच्या छातीवर टेकवली.

या खेपेला शांताबाईंनी अर्थ सांगितला नाही. व्हिडिओ चालूच होता.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"हे मी शूट केलंच नव्हतं," शांताबाई हळूच म्हणाल्या. "पह्यलं म्हणते, 'नको, मले आवडत नाई.' आन दुसरं म्हणते, 'मले इचारा.'" त्या नवऱ्याकडे वळल्या. "सासरी नव्या नवरीनं असं सांगतलं तं कसं दिसन वो? काढून टाका लागन का हे?"

बळीराम दाराजवळ उभे होते. "काढू नोको," ते म्हणाले. "तू सांग त्याचा अर्थ. आवाज भर त्याच्यात."

शांताबाईंना काय वाटलं असेल, मला माहीत नाही. लेकीच्या प्रत्येक हाताच्या हालचालीचा अर्थ या बाईने जगाला वर्षानुवर्षं सांगितला होता. दुकानदाराला, डॉक्टरला, बसच्या कंडक्टरला. त्यांनी जे जे भरलं ते सगळं गरजेचं होतं. भूक, तहान, दुखणं, भीती. लेकीला नाही म्हणायचं असेल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते सासरी नेऊन द्यायचं असतं, हे त्यांना सुचलं नव्हतं एवढंच.

त्यांनी घसा साफ केला. काजलने खूण परत केली.

"हे म्हणजे, नको," शांताबाई फोनला म्हणाल्या. "मले आवडत नाई. आन हे म्हणजे, मले इचारा. तिले इचारा लागते. इचारल्यावर सांगते ती."

त्यानंतर काजल थांबेना. 'मी रागावली नाही, थकली आहे.' 'मी करते, तुम्ही बसा.' 'हे कोणी सांगितलं?' एक खूण तिने अशी केली की आईबाप दोघंही हसले, आणि तिचा अर्थ मात्र मला सांगितला नाही.

मग मी नवी ड्राइव्ह काढली. घरातल्या फोनसाठी फार मोठी लागत नाही, मधली पुरते. वायर जोडून फोन लावला. लिहिलेली जागा खरी आहे का ते बघायला ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून पाहिली, कारण त्यांचा विश्वास एकदा उडालेला होता आणि माझाही दुसऱ्याच्या शिक्क्यावर फारसा नसतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली. सगळे व्हिडिओ घातले आणि शांताबाईंना एकेक उघडून दाखवला. नावं दिसली म्हणून खूश व्हायचं नाही, चालवून पाहायचं, हे त्यांना समजावलं. दुसरी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर ठेवली. बॅकअप म्हणजे दोन जागा. एकाच जागी ठेवलेला व्हिडिओ फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेला असतो.

उठता उठता बळीरामांनी आपला फोन पुढे केला.

"ताई, याच्यातले बी घ्या न."

त्यांच्या फोनवर काजलने पाठवलेले व्हिडिओ होते. कित्येक वर्षांचे. रस्त्यावर असलेल्या बापाशी तिला फोनवर बोलता येत नाही म्हणून ती खुणांनी बोलायची आणि पाठवायची. शाळेचा गणवेश घातलेली लहान काजल गोल हात फिरवून विचारते आहे, टायर पाहिले का. मग ट्रकच्या केबिनमधून काढलेला बळीरामांचा उत्तराचा व्हिडिओ. भले मोठे हात, आणि अगदी बारीक, नीट खुणा. मी कधी कोणाला स्टिअरिंगमागे बसून इतक्या हळुवार हाताने बोलताना पाहिलं नव्हतं. त्या दुपारी काउंटरजवळ उभे असलेले बळीराम आणि हे बळीराम एकच आहेत हे पटायला मला वेळ लागला.

"यातलं एकही मी पुसलं नाई," ते म्हणाले. "फोन भरला तं गाणे काढतो."

लग्न झालं. त्याआधी काजलचा होणारा नवरा अनिल एकदा येऊन गेला. त्याचा फोन ड्राइव्ह ओळखत नव्हता. काही फोनमध्ये बाहेरची वस्तू जोडायची सोय बंद असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती मी चालू करून दिली. त्याने काउंटरवर उभ्या उभ्या पाच-सहा व्हिडिओ पाहिले. 'मले इचारा' तिथे थांबला, परत लावला, आणि दोन बोटं ओठांना लावून स्वतः करून पाहिली. माझं लक्ष आहे हे कळल्यावर लाजून फोन खिशात घातला.

दिवाळी जवळ आल्यावर काजल माहेरी आली होती, तेव्हा ती, अनिल आणि शांताबाई परत दुकानात आले. अनिलचा फोन भरला होता. ड्राइव्ह बरोबर आणली होती, रुमालात गुंडाळून. मी वायर लावली आणि नवे व्हिडिओ उघडून बघायला लागले, चालतात की नाही ते पाहायला.

पहिल्याच व्हिडिओत काजल वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती आणि लांबून अनिलला काहीतरी सांगत होती. करंगळी हवेत हलवून, मग कोपर दोनदा मागे खेचून. अनिल फोनमागून हसत होता.

शांताबाई पुढे वाकल्या. "हे काय म्हणून राह्यली?"

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी परत विचारलं, या वेळी अनिलला. "जावाई, हे काय म्हणून राह्यली ती? मले समजलं नाई."

"ते आमचं हाय मामी," अनिल म्हणाला. "ट्रॅक्टर चालू नोको करू, मी बी येऊन राह्यली बसाले, असं म्हणते ते."

मी पुढचा व्हिडिओ लावला. तोही शांताबाईंना कळला नाही. त्याच्या पुढच्यात अनिलची आई चुलीपुढे बसून काजलला काहीतरी खुणेने विचारत होती, जरा चुकत माकत, आणि काजल तिला पोळपाटावर पिठाचं बोट ओढून दाखवत होती. तेवढा शांताबाईंना कळला.

शांताबाईंचे डोळे भरले होते, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि करंगळी हवेत हलवून, कोपर मागे खेचून पाहिलं.

काजलने मान हलवली. तसं नाही. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला, करंगळी जरा वाकवली, कोपर धरून मागे ओढला, आणि परत कर म्हणून खुणावलं.